गुऱ्हाळावरची वीस मिनिटं

तात्या,

मंगळवारी अकराला तुमची वेळ असायची आणि तुम्ही साडेनऊलाच येऊन बसायचात. कळंब्याच्या पुढून येणारी दुसरी बस सोयीची नाही, हे तुमचं सांगायचं कारण. खरं कारण मला माहीत होतं. बाहेरच्या बाकावर बसून आत चाललेलं माझं ओरडणं ऐकायला तुम्हाला आवडायचं. "आज कुणाची हजेरी घेतली?" असं विचारतच तुम्ही आत यायचात. गेल्या दोन मंगळवारी मी अकराच्या वेळेला दुसरं कुणाचं नाव घातलेलं नाही. रिसेप्शनवरची मुलगी अजून काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात बोलेल, आणि तिचं बरोबरच असेल.

तुम्ही कोण, वय किती, मागे कोण कोण, हे सगळं तुमच्या गावच्या चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर आलं आहे. त्यावर तुमचा फेटा बांधलेला फोटो होता, नाकात नळी नसलेला. मला तो माणूस जरा परकाच वाटला. मी लिहायला बसले ते आपलं भांडण अर्धवट राहिलं म्हणून. आणि तुमच्या मुलाची, बाळासोंची मला माफी मागायची होती, तीही राहिली म्हणून.

पहिल्यांदा आलात तेव्हा तुमची सून सुनंदा तुम्हाला दंडाला धरून घेऊन आली होती. डॉक्टरांनी फाइलवर लिहून पाठवलं होतं की पेशंटचा पंप दोन वर्षं चालू आहे, गुण नाही, जरा बघा. मी म्हटलं, पंप कसा घेता ते करून दाखवा. तुम्ही डबीतून पावडरची कॅप्सूल काढली, तळहातावर ठेवली आणि माझ्याकडे पाणी मागितलं. मला वाटलं थट्टा करताय. सुनंदा म्हणाली, "पाण्याबरच घेत्यात की रोज." त्या कॅप्सूलसोबत मिळालेलं प्लॅस्टिकचं यंत्र घरी देवळीत जसंच्या तसं पडून होतं. दोन वर्षं तुम्ही छातीचं औषध पोटात घालत होता, आणि दोन वर्षांत कुणी तुम्हाला ते यंत्र हातात घेऊन दाखवलं नव्हतं. मी त्या दिवशी फार चिडले आणि आवाज चढला तो तुमच्यावर. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मग आमी दोन वरीस अंगाराच खाल्ला म्हणायचा."

माझं काम नेमकं काय, हे मला माहेरच्या लोकांनाही अजून नीट सांगता येत नाही. डॉक्टर का नर्स, एवढंच विचारतात. दारावर 'श्वसनोपचार तज्ज्ञ' अशी पाटी आहे. ती तुम्ही मोठ्यानं वाचलीत आणि म्हणालात, एवढं म्हणंस्तवर माणसाचा दम जाईल. मग तुम्हीच माझं नाव फुंकणीबाई ठेवलंत. आधी मला राग आला. नंतर लक्षात आलं की पाटीपेक्षा ते जास्त खरं आहे. औषध डॉक्टर ठरवतात. ते छातीत पोचतंय का, माणसाला श्वास सोडता येतोय का, आंघोळ करताना तो धापतोय का, चार पावलं चालून बसतोय का, हे बघणारं माणूस मी.

तुम्हाला श्वास घेता येत होता, सोडता येत नव्हता. हे तुम्हाला पटवायला मला तीन मंगळवार लागले. तुमचं म्हणणं, हवा कमी पडतीय तर आणखी ओढली पाहिजे. माझं म्हणणं, आतली जुनी हवा निघाल्याशिवाय नवी बसणार कुठं? नाकानं घ्या आणि ओठ आवळून सावकाश सोडा, बशीतला चहा निववता तसं, चहा हलला पाहिजे पण सांडता कामा नये. तर तुम्ही म्हणालात, बशी कुठं आहे? कोपऱ्यावरच्या टपरीतून मी खरोखरच कप-बशी मागवली. राजारामपुरीतल्या एवढ्या दवाखान्यांत चहावर फुंकर मारायला शिकवणारी मीच असेन. तुम्ही दहा वेळा फुंकर घातलीत, एक थेंब सांडला नाही, आणि मग तो गार चहा पिऊन टाकलात. साखर जास्त आहे अशी तक्रारही केलीत.

त्यानंतर आपलं बरं जमलं. वाकताना श्वास सोडायचा, उठताना सोडायचा, वजन उचलताना सोडायचा. आंघोळ स्टुलावर बसून करायची. हे स्टुलाचं तुम्ही महिनाभर लपवून ठेवलंत, कारण गड्यानं बसून आंघोळ करणं तुम्हाला कमीपणाचं वाटत होतं. बाहेरच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायचं, मी घड्याळ घेऊन मागे. पहिल्या दिवशी तुम्ही चार वेळा थांबलात. पावसाळ्यापर्यंत एकदाच थांबायला लागलात, आणि तेही कुणीतरी ओळखीचं भेटलं म्हणून.

सगळ्यांना विचारते तसं मी तुम्हालाही विचारलं होतं, बिडी किती? तेव्हा मात्र तुम्ही उखडलात. उभ्या जन्मात बिडीला हात लावलेला नाही, वाटल्यास देवाची शपथ घेतो म्हणालात. खरंच होतं ते. तुम्ही गुळव्या, रसाचा गूळ उतरवणारे. चाळीस हंगाम काहिलीवर उभं राहून उकळता रस बघितलात, आणि खाली चुलवाणाच्या भट्टीत उसाची चिपाडं जळत होती, ती संपली की हाताला लागेल ते जळत होतं. वरून वाफ, खालून धूर. माझं माहेर गुळाच्या व्यापारातलं. आमच्या जैन घरात गूळ कसा पिवळाधमक असावा यावर जेवताना चर्चा चालायची. रंगावरून कुठल्या भागातला ते माझे वडील सांगायचे. तो रंग आणायला धुरात कोण उभा असतो, हे आमच्यातल्या कुणीच कधी विचारलं नव्हतं. तुमच्या छातीचा फोटो प्रकाशात धरला तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं. मी तसं म्हणालेही. तुम्ही म्हणालात, "गूळ ग्वाड लागला न्हवं? मग झालं."

आता त्या दिवसाचं लिहायला हवं. ऑक्सिजनचं मशीन तुमच्या घरी आलं त्याला वर्ष झालं. दिवसातले सोळा तास नळी नाकात, आणि काटा दोनावर. मी स्वतः घरी येऊन दोनाच्या रेघेवर लाल पट्टी चिकटवली होती. तुमच्या आजारात जास्तीचा ऑक्सिजन बाधतो. छातीत वापरलेली हवा साठत जाते, माणूस सुस्तावतो, आणि मग उठवला तरी उठत नाही. हे मी सुनंदाला सांगितलं, तुम्हाला सांगितलं. बाळासो त्या दिवशी गुऱ्हाळावर होते. त्यांना तुमच्यापैकी कुणीतरी सांगेल असं मी धरून चालले.

पुढच्या महिन्यात एका सकाळी तुम्हाला जोराची धाप लागली आणि बाळासोंनी काटा पाचावर नेला. चौदाव्या वर्षापासून ते चुलवाणात जाळ घालत आले होते. रसाची उकळी मंदावली की जाळ वाढवायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक. बाप गुदमरतोय आणि समोर एक खुंटी आहे, तर ती ते फिरवणारच. दोन तासांनी तुम्ही हाकेला ओ देईनात. दवाखान्यात तीन दिवस तोंडावर घट्ट मास्क लावून मशीननं तुमची ती साठलेली हवा बाहेर काढली. मास्क गालाला टोचत होता, तुम्ही तो ओढत होता, आणि मी शेजारी बसून तुमच्या श्वासाशी मशीनचा मेळ घालत होते.

पहिल्याच दिवशी मी बाहेर आले. तुमचे सगळे पाहुणे दाराशी उभे होते. त्यांच्यादेखत मी बाळासोंना म्हणाले, "हे काय चुलवाण आहे, दिसेल तेवढा जाळ सारायला? बापाला मारत होतास." माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस आणि मी 'तू' म्हणाले.  ते पायातल्या चपलांकडे बघत उभे राहिले. त्यानंतर ते तुम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायचे, पण आमच्या दाराची पायरी कधी चढले नाहीत.

तुम्ही बरे झालात आणि कुणाकडून तरी तुम्हाला हे कळलं. पुढच्या मंगळवारी व्यायाम झाल्यावर टॉवेलनं तोंड पुसत म्हणालात, "त्येला बोललीस ते बराबर. चारचौघांत बोललीस ते न्हाय." मी म्हटलं, माफी मागेन. तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर किती मंगळवार गेले, तात्या. दरवेळी मला दुसरं काहीतरी जास्त महत्त्वाचं काम होतं.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली आणि तुम्ही मागे लागलात. एकदा गुऱ्हाळावर ने, एक काहील उतरताना बघू दे. बाळासोंचा हात अजून बसला नाही, गूळ मऊ पडतोय, पाण्यात टाकलेली रसाची गोळी कधी काढायची ते तोंडानं सांगून कळत नाही, समोर बसावं लागतं. मी नाही म्हटलं. जाळाजवळ ऑक्सिजन नेता येत नाही, नळी पेट घेते. ऑक्सिजनशिवाय तुम्हाला धुरात बसवणं मला मान्य नव्हतं. तुम्ही पुन्हा विचारलंत, मी पुन्हा नाही म्हटलं. चौथ्या मंगळवारी तुम्ही अबोला धरलात. व्यायाम सगळे केलेत, एक शब्द न बोलता, आणि जाताना दारात थांबलात.

"श्वास राखून ठिवायचा म्हंतीस. कशापायी राखायचा, ते तुझ्या कागदावर कुटं लिवलंय?"

 उत्तर आलं नाही की मी चिडते, तशी चिडले. कागद चाळायला लागले. त्या कागदावर तुमचं वजन होतं, पावलं होती, बोटावरच्या यंत्राचे आकडे होते. तुम्ही म्हणत होता ते खरंच कुठं नव्हतं. दोन दिवसांनी मी डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, धोका आहे, तो पेशंटला समजतोय आणि तुम्हालाही, मग दोघं मिळून ठरवा. मी ठरवलं. वीस मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. निघण्याआधी पंप घ्यायचा. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला खुर्ची. छोटा सिलिंडर लांब रस्त्यावर रिक्षात, तोंड बंद करून. आणि मी सोबत येणार. तुम्ही सगळ्या अटी एका दमात कबूल केल्यात, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

संक्रांतीनंतरची ती सकाळ. तुम्हाला खुर्चीत बसवलं, बोटाला यंत्र लावलं आणि मी त्या आकड्यावर डोळे लावून बसले. काहिलीभोवतीच्या माणसांनी विचारलं, ह्या पावण्या कोण? तुम्ही छाती काढून सांगितलंत, माझी फुंकणीबाई हाय. मला बघताच बाळासो पाठ फिरवून चुलवाणाकडे उतरले. रस घट्ट होत आला, ते वर आले, गोळी केली, भांड्याच्या काठावर वाजवून बघितली, हात वर केला. चौघांनी काहील उचलून गूळ निववायच्या वाफ्यात ओतली. या सगळ्यात तुम्ही त्यांना एक अक्षर सांगितलं नाहीत. गूळ चांगला झाला हे मलाही कळलं. व्यापाऱ्याचीच लेक मी. म्हटलं, तात्या, हात तर छान बसलाय त्यांचा.

तुम्ही म्हणालात, "त्येचा हात कवाच बसलाय. माझ्या बोटाकडं बघाय न्हाय आणलं तुला. त्येच्या छातीकडं बघ. तुझ्या दारात तो येत न्हाय, म्हणून तुला हितं आणलं."

मी मान वर केली. बाळासो पुन्हा खाली उतरून चिपाडाचे भारे आत सारत होते. दोन भारे झाले की उभे राहत होते, एक हात भिंतीला, खांदे वर चढलेले, ओठ आवळून सावकाश सोडत होते. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. शरीर आपलं आपण शिकतं, पण ते अडचणीत आल्यावर. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. तुम्ही माझ्याकडे न बघता बोलत होता. "माझं बी असंच सुरू झालतं, चाळिशीत. मी बी कुणाला बोललो न्हाय. हंगाम संपू दे म्हणायचो."

एकोणिसावं मिनिट लागलं तेव्हा मी वेळ झाली म्हटलं, आणि तुम्ही वाद न घालता उठलात. आपल्या ओळखीत हे एकदाच घडलं. बाळासो माझ्यापासून दहा पावलांवर होते. मी गेले नाही. तुमचा आकडा खाली येत होता, तुम्हाला लवकर नळी लावायला हवी होती, हे मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण दहा पावलं जायला आणि चुकलं म्हणायला कितीसा वेळ लागतो?

त्यानंतर नवव्या दिवशी तुम्हाला ताप भरला, कफाचा रंग बदलला, आणि पुन्हा तोच दवाखाना. घशात नळी घालायची नाही, हे तुम्ही आधीच डॉक्टरांना, सुनंदाला आणि मला समोर बसवून सांगून ठेवलं होतं. मास्क तेवढा लावा, तो सोसंल म्हणाला होतात. या वेळी तुम्ही तो ओढला नाहीत. रविवारी दुपारी गेलात. मी तुमच्या पायाशी उभी होते आणि सवयीनं तुमचे श्वास मोजत होते, तो आकडा पुढे गेला नाही.

डॉक्टर म्हणतात, गावात खोकल्याची साथ होती, थंडीही होती. धुरानं झालं असं म्हणता येणार नाही आणि नाही झालं असंही म्हणता येणार नाही. मला दोन्हीतलं एक कुणीतरी ठामपणे सांगायला हवंय. रक्षाविसर्जनाला मी आले होते, तात्या, नदीच्या काठावर बायकांच्या मागे उभी होते. मला ऐकू जाईल अशा आवाजात बाळासो कुणाला तरी म्हणाले, ह्यांनीच नेलं गुऱ्हाळावर. मी काय बोलणार? मीच नेलं होतं. का नेलं ते सांगितलं तर मी मोकळी होते आणि बाप आपल्यापायी त्या धुरात येऊन बसला हे ओझं त्यांच्या डोक्यावर जातं. तुम्ही मला तुमचा पंप शिकवायला लावलात, चालायला लावलंत, माझं नाव बदललंत, सगळं चाललं. हे गुपित मात्र मला पेलवेना. या पंधरवड्यात मी तुमच्यावर रागावलेसुद्धा. आधी सांगितलं असतंत तर मी गुऱ्हाळावर एकटीच गेले असते, तुम्हाला घरी ठेवून. पण खरं सांगायचं तर गेले नसते. त्या माणसासमोर उभं राहायची मला लाज वाटत होती आणि ते तुम्ही ओळखलं होतं. मला उठवून न्यायला तुम्हाला स्वतः यावं लागलं. एवढं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही, आणि त्याबद्दल तुम्हाला काही म्हणायचं मला वेळेवर सुचलं नाही.

काल बाळासो आले. बाराव्याचं सगळं उरकलं होतं, डोकं भादरलेलं होतं. ते भांडायला आले होते. पायरी चढून थेट माझ्या खोलीत आले आणि उभ्यानंच सुरू झाले. आजाऱ्याला धुरात नेतात का, वर्षापूर्वी मला चारचौघांत बापाला मारतोस म्हणालीस, मग आता तू काय केलंस, शिकलेल्या माणसांना कुणी विचारणारं नाही का. सगळं रास्त होतं. मी ऐकत होते आणि ऐकता ऐकता माझा कान शब्दांवरून निसटला. दर चौथ्या शब्दाला ते थांबत होते. मग तिसऱ्या. "माझ्या बापाला" एवढं म्हणून ते टेबलाची कड धरून उभे राहिले, खांदे कानापर्यंत आले, आणि पुढचा शब्द निघेना.

मी उठून खुर्ची त्यांच्यामागे सरकवली. "बसा, बाळासो. आधी सोडा, मग घ्या. घाई नाही." ते बसले. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. मग मी म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले, ते चुकलं माझं. काट्याचं तुम्हाला सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नव्हतं."  मी छातीचा जोर मोजणाऱ्या यंत्राची फुंकायची नळी पुढे केली आणि ती त्यांनी माझ्या हातातून घेतली, कदाचित बोलायला दम नव्हता म्हणून. पहिल्या दोन वेळा अर्ध्यात सोडून दिलं. तिसऱ्या वेळी नीट, शेवटपर्यंत फुंकलं.

यंत्रातून कागद बाहेर आला. मी तो त्यांच्यासमोर ठेवला आणि तुमच्या सुनेला सांगते तशा साध्या शब्दांत सांगितलं की चव्वेचाळिसाव्या वर्षी हा आकडा एवढा कमी असायला नको, पण अजून पुष्कळ काही हातात आहे. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"तात्यास्नी ठावं हुतं?"

खोटं बोलायला मी तयार होते, तात्या. दोन आठवडे तेच तर ठरवत होते. पण तुमचा मुलगा माझ्याकडे बघत होता.

"हो," मी म्हटलं. "त्यासाठीच आले होते ते."

ते रडले नाहीत. कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली आणि पंपाच्या डबीकडे हात केला.

"दावा," बाळासो म्हणाले. "कसा घ्याचा त्यो."